माठाच्या गळ्यातली गाठ

पट्टी उलगडली, आणि शेडमधली सगळी गर्दी एका दमात पुढे झुकली.

आदल्या संध्याकाळी हीच पट्टी पांढरीफेक होती. पट्टीवाल्या बाबांनी ती सगळ्यांच्या देखत पितळी घंगाळातल्या सिद्धजलातून काढली होती, पिळली होती, चारी बाजूंनी फिरवून दाखवली होती आणि छोट्या संयमच्या गळ्याभोवती बांधली होती. आणि आता, शुक्रवारी सकाळी, ती काळपट तपकिरी पडली होती. जळक्या तव्यावर पुसलेल्या फडक्यासारखी.

"पाह्य व माय, केवढं जहर निंघालं पोराच्या अंगातून," मागून एक बाई म्हणाली आणि तिनं दोन्ही हात जोडले. तिच्यामागच्या दहाजणींनीही जोडले.

"डोळे उघडे ठेवून बघा, भाऊ हो," बाबांचा चेला रतिलाल माइकवर म्हणत होता. "औषध नाही, गोळी नाही, खर्च नाही. पट्टी पांढरी गेली, काळी आली. डोळे उघडे ठेवून बघा."

हे 'डोळे उघडे ठेवा' तो दर दुसऱ्या वाक्याला म्हणायचा. गंमत अशी, की त्या शेडमध्ये तेवढी एकच गोष्ट कुणी करत नव्हतं.

सावद्याच्या बाहेर, बंद पडलेल्या एका केळीच्या पॅकिंग शेडमध्ये हा दरबार भरायचा. गुरुवारी संध्याकाळी पट्ट्या बांधायच्या, शुक्रवारी सकाळी त्या उलगडून बाबा 'वाचून' दाखवायचे. ज्या पोरांच्या गळ्यात गाठी आल्या होत्या, त्यांचे आईबाप पार जामनेरपासून यायचे. आणि बऱ्याच पोरांच्या गाठी खरंच उतरायच्या. तेच तर वाईट होतं.

बाबा साक्रीकडचे. बोलायचे अस्सल अहिराणी, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं आपलाच कुणी मामा बोलतोय. त्यांनी पट्टी वर धरली.

"हाई गाठ म्हनजे रोग नही शे, माय. हाई जळन शे, जळन. घरम्हा कोनीतरी या पोरगावर जळस. तेनी नजर याना गळाम्हा येईसन बशी गई."

शेडमध्ये कुजबुज झाली. संयमची दादी गुलाबबाई पदर सावरत हळूच वळली. मग मम्मी वळली. पप्पा वळले नाहीत, पण त्यांची मान आखडलेली दिसली. आणि मग शेजारच्या, ओळखीच्या, अगदी चप्पल सांभाळणाऱ्या माणसानंसुद्धा ज्या दिशेला बघितलं, तिथं संयमची मोठी बहीण उभी होती. चेलना. दहावीतली, दोन वेण्या, हातात संयमची पाण्याची बाटली.

बाबांना आणखी काय हवं होतं? "हाई पोर का?" ते प्रेमानं म्हणाले. "येत्या गुरुवारले पट्टी बांधनी का रातभर हाईच तेनाजोडे बशी. दुसरं कोनी तठे जावानं नही. सकाळले हाईच सोडी, केळीना पानम्हा गुंडाळी, आठे लई येई. जिनी नजर, तिनाच हात. आनि याद ठेवा, तवलोंग सुई नही, चाकू नही. लोखंड लागनं का जहर बठ्ठा आंगम्हा पसरस."

आता खरं सांगायचं तर चेलना जळत होती. अगदी धूर निघेल इतकी जळत होती.

संयम जन्मला त्या दिवशी पप्पांनी आपल्या कापड दुकानात गिऱ्हाइकांना पेढे वाटले होते आणि चेलनाला, 'तू आता मोठी झालीस,' असं सांगितलं होतं. तेव्हापासून ती मोठीच होती. कूलरची हवा संयमला. दुकानात कापडाचा नवा ताका आला की पहिला शर्ट संयमला. तिनं शाळेतली वक्तृत्व स्पर्धा जिंकली त्या दिवशी संयमचा दात पडला, आणि घरात सगळ्यांनी कौतुक केलं ते दाताचं.

यंदा मात्र तिची धुळ्याच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली होती. पप्पांनी स्वतः पांढरं मलमल निवडून तिला कुर्ता शिवून दिला. 'मीच नेईन तुला धुळ्याला,' असंही म्हणाले. त्यांचा तो एक दिवस फक्त तिचा होणार होता, आणि आरशासमोर उभं राहून बोलताना आपला आवाज चांगला आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं.

आणि त्याच आठवड्यात संयमच्या गळ्याला, जबड्याच्या खाली, ती गाठ हाताला लागली. लिंबाएवढी. दुखत नव्हती, पण दगडासारखी कडक. संध्याकाळी ताप, झोपेत घामानं उशी ओली. जळगावच्या डॉ. कामिनी तायडे यांनी गाठ चाचपली, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "गाठीचा तुकडा काढून तपासायला हवा. लवकर." घरी सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. तेवढ्यात कुणीतरी दादीला बाबांचं नाव सांगितलं, तुकडा लांबला आणि धुळं रद्द झालं.

'त्याला काय होतं कधी काही,' असं चेलना त्या दिवशी मनात म्हणाली होती. आता ते वाक्य तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं. खरंच आपल्या जळण्यानं त्याला हे झालं असेल तर?

घरी आल्यावर ती तडक आतल्या खोलीत गेली. दार लावून रडायचा बेत होता. खुंटीला पांढरा कुर्ता लटकत होता, त्याच्याच खाली संयमचा पलंग. तिनं डोळे पुसायला वर बघितलं, आणि रडणं तिथंच राहिलं.

कुर्त्याच्या घेरावर डाग होते. काळपट तपकिरी, थेंबाथेंबाचे.

"संयम, माझ्या कुर्त्यावर काय सांडलंस?"

"मी? काही नाही. काल मम्मी पट्टी नीट करत होती, तेव्हा मी मान हलवली. पाणी उडालं असेल. पण पाणीच होतं, दीदी. साधं."

म्हणजे तेही सोडलं नाही यानं. एवढा एक कुर्ता होता, तोही यानंच खराब केला. चेलना रागारागानं डाग चोळायला लागली आणि चोळता चोळता तिचं बोट थांबलं. डागाशी कापड कडक झालं होतं. खळ घातल्यासारखं. हे बोटाला ओळखीचं होतं. दुकानात केळी कापणारी माणसं यायची तेव्हा पप्पा त्यांना नेहमी गडद रंगाचा शर्ट दाखवायचे. म्हणायचे, "पांढरा नेऊ नका, भाऊ. चीक उडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. दुसऱ्या दिवशी डाग होतो. शर्ट फाटतो, पण डाग जात नाही."

केळीचा चीक. अख्ख्या सावद्याच्या बाह्यांवर असलेला डाग.

ती कुर्ता घेऊन दादीकडे धावली. "दादी, बघा, ते सिद्धजल नाहीच. हा चीक आहे. माझ्या कुर्त्याला कुठं गाठ होती?"

दादीनं कुर्ता बघितला आणि दोन पावलं मागं सरकली. "बघ बाई," ती मम्मीला म्हणाली. "जिची नजर, तिच्याच कपड्यावर जहर उडालं."

चेलनाला समजलं, की कुर्ता चालणार नाही. जी जळते असं ठरलंय, तिचं काहीच पुरावा म्हणून चालणार नाही.

दुपारी तिनं मम्मीच्या फोनवरून डॉक्टर कामिनींना फोन लावला. पट्टीचं नंतर सांगू असं ठरवलं होतं, पण तोंडातून पहिलं निघालं ते दुसरंच.

"मॅडम, मी संयमची बहीण. एखाद्यावर कुणी खूप जळलं, तर त्याला गाठ होते का?"

मग डॉक्टर म्हणाल्या, "तू कधीपासून जळतेस त्याच्यावर?"

"तो जन्मल्यापासून."

"मग एवढ्या वर्षांत त्याच्या अंगावर गाठ ठेवायला जागा उरली नसती. मी तीन बहिणींत मधली. जळण्यानं गाठी होत असत्या, तर आमच्या घरात कुणाची मान वळली नसती."

चेलना हसली. मग रडली. डॉक्टरांनी दोन्ही होऊ दिलं.

"मग बाबांच्या पट्टीनं पोरं बरी कशी होतात?"

"ऐक. लहानपणी बहुतेक सगळ्यांना एक विषाणू गाठतो. लाळेतून पसरतो. एकाच्या उष्ट्या बाटलीला दुसऱ्यानं तोंड लावलं की झालं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या शरीराचा पहारा. हा लबाड विषाणू त्या पहाऱ्यातच शिरतो. बी-पेशी नावाचे पहारेकरी असतात, त्यांच्या पोटात बसून त्यांना सांगतो, मरू नका, वाढत राहा. मग टी-पेशी नावाचे दुसरे पहारेकरी येऊन अशा बिघडलेल्यांना वेचून मारतात. गळ्यात या पहाऱ्याच्या चौक्या असतात. चौकीत मारामारी सुरू झाली की चौकी सुजते. तीच गाठ. बहुतेक पोरांत पहारा जिंकतो आणि काही आठवड्यांत सूज आपोआप उतरते."

"म्हणजे ती पोरं..."

"घरी लुडो खेळत बसली असती तरी बरी झाली असती."

"आणि संयमची?"

डॉक्टरांचा आवाज बदलला. "त्याची गाठ उतरत नाहीये. कडक आहे, वाढतेय, वजन कमी होतंय. क्वचित एखादी पेशी अशी बिघडते, की ती पहाऱ्याच्या हाती लागत नाही. तसं असेल तर औषध आहे आणि चांगलं आहे. पण आधी तुकडा बघायला हवा."

"सुई लागली तर पसरतं म्हणतात."

"सुईनं नाही पसरत, बेटा. उशिरानं पसरतं."

फोन ठेवल्यावर चेलना बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. गाठ तिच्यामुळं नव्हती. पण तुकडा राहिला तर त्यात ती असणार होती, कारण आता तिला माहीत होतं. सांगून कुणाला पटणार नव्हतं. दाखवायलाच हवं होतं, आणि अशा कशावर तरी, की जे कुणावर जळत नाही आणि ज्याच्यावर कुणी जळत नाही. पण त्याला गळा मात्र हवा.

खोलीच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. गोल पोट, आखूड गळा, वर झाकण. एखाद्या शांत मावशीसारखा.

गुरुवारी बाबांनी पट्टी बांधली. घरी आल्यावर, सांगितल्याप्रमाणे, चेलनाला पश्चात्ताप करायला संयमजवळ बसवलं आणि बाकीचे बाहेर गेले. जिची नजर, तिचेच हात. बाबांनीच ठरवून दिलं होतं, त्यामुळं कुणी डोकावलंही नाही.

"संयम, मान इकडे कर."

"सोडतेस का? बाबा म्हणाले सकाळी."

"तुझी मी दुकानातली पट्टी बांधते, आपल्या नळाच्या पाण्यातली. बाबांची माठाला बांधू."

संयमचे डोळे चमकले. "माठाला पश्चात्ताप होईल का?"

"तू फक्त कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार. पण तुझा मोठा पेन मला हवा."

बघा, गाठ असो नसो, याला काहीतरी हवंच. चेलनाला इतका राग आला, की तिनं माठाच्या गळ्याला पट्टी जरा जास्तच आवळून बांधली.

सकाळी संयमच्या गळ्याची पट्टी जशीच्या तशी पांढरी होती. माठाच्या गळ्याची काळपट, कडक, डागाळलेली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग संयम माठाजवळ गेला आणि त्यानं त्याचा गळा डॉक्टर चाचपतात तसा चाचपला. "दुखत नाही, पण कडक आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

शेडमध्ये त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. चेलनानं केळीच्या पानातली पट्टी बाबांच्या हातात दिली. संयम शेजारी उभा, मफलर गुंडाळून, काखेत शालीत बांधलेलं एक गाठोडं. दादीनं वाटेत विचारलं, तर तो म्हणाला, "सिद्धजल आणायला भांडं."

बाबांनी पट्टी उलगडली. गर्दी झुकली.

"वाह रे पोर," बाबा म्हणाले. "मनपासून रडनी हाई. पाह्या, मांगना येळपेक्षा जास्ती जहर निंघनं. हाऊ डाग शे ना, हाऊ गळाना डाव्या आंगना. मूळ हालनं आते."

"डोळे उघडे ठेवून बघा," रतिलाल म्हणाला.

"बाबा," चेलना म्हणाली. स्पर्धेत पहिल्या वाक्याला जसा आवाज लावायचा, तसाच तिनं लावला. "हे नक्की ज्या गळ्याला पट्टी होती, त्याच गळ्यातलं जहर ना?"

"मंग? दुसरा कोठेना राही?"

"दुसऱ्या कुणाचं असू शकत नाही?"

"मन्ही पट्टी खोटी बोलत नही, पोरी."

चेलनानं संयमकडे बघितलं. त्यानं शाल सोडली आणि माठ बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"मग याला तपासा, बाबा. पट्टी रात्रभर याच्या गळ्याला होती. हा कुणावर जळत नाही. याच्यावर कुणी जळत नाही. आणि याचं डावं अंग कुठलं, तेवढं मला सांगा."

संयमनं मफलर काढला, गळ्याची पांढरी पट्टी सोडली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली. बाबा दाखवायचे तशीच, चारी बाजूंनी.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक. पण बाबा जुने खेळाडू. "माठम्हाईन पानी कोन पिधं? हाऊच पोरगा ना? तेना जहर माठम्हा उतरनं," ते म्हणाले. आणि खरंच, गर्दी पुन्हा डुलायला लागली. दोन बायकांनी माठालाच हात जोडले.

तेव्हा पप्पा उठले. ते, म्हणजे गावाचे रुपचंदशेठ, दुकानातसुद्धा मोठ्यानं बोलत नसत. त्यांनी बाबांच्या हातातली पट्टी घेतली, अंगठा आणि बोट यांत धरून चोळली, आणि त्यांचा चेहरा गिऱ्हाइकानं परत आणलेलं कापड बघताना व्हायचा तसा झाला.

"चेलना," ते म्हणाले, "हा तर चीक आहे."

"हो, पप्पा." मग ती गर्दीकडे वळली. "तुमच्यापैकी ज्यांनी केळी कापली असतील त्यांनी आपली बाही बघा. आणि ही पट्टी शेजारी धरा. मी सांगते म्हणून मानू नका. घरी जा, केळीचा खांब कापा, त्यातून येणाऱ्या पाण्यात पांढरं फडकं बुडवा आणि माठाला बांधा, उंबऱ्याला बांधा, म्हशीच्या शिंगाला बांधा. हवा लागली की तो चीक काळा पडतो. सकाळी त्या शिंगातूनही जहर निघेल."

पुढच्या रांगेत अभिमन नावाचा माणूस होता, पोराला मांडीवर घेऊन बसलेला. त्यानं स्वतःची बाही पुढं ओढली. मग पट्टीकडे बघितलं. मग शेजारच्यानं आपली बाही बघितली. ती हालचाल रांगेरांगेनं मागं सरकत गेली. वर्षानुवर्षं जो डाग अंगावर वागवला, बायकोच्या शिव्या खाऊन घासला, त्याच डागाला इतके गुरुवार हात जोडले होते. कुणी हसलं नाही.

"आरे," अभिमन एवढंच म्हणाला.

मग चारपाचजण शेडच्या मागं गेले. तिथं ताज्या कापलेल्या केळीच्या खांबांखाली बादली लावलेली होती आणि शेजारी गुलाबपाण्याची बाटली. माइक चालूच होता. फक्त रतिलाल तिथं नव्हता.

त्याच सकाळी पप्पांनी गाडी जळगावकडे वळवली. दादी मागच्या सीटवर चेलनाच्या शेजारी बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तो कुर्ता काढून ठेव. लिंबू लावून बघते."

"तो डाग जात नाही, दादी."

"माहीत आहे मला. तरी ठेव."

तुकडा तपासला गेला. लिम्फोमा निघाला, पहाऱ्याच्या पेशींचा कॅन्सर, लहान मुलांत होणाऱ्यांपैकी एक. आणि बिघडलेल्या पेशींत तो जुना लबाड विषाणू सापडला. मम्मी भिंतीला टेकून बसली. डॉक्टर कामिनींनी सगळ्यांना पाणी दिलं आणि चेलनाला संगणकाच्या पडद्यावर त्या तुकड्याचं चित्र दाखवलं.

"या मोठ्या, बटबटीत डोळ्यांच्या दिसतात त्या बिघडलेल्या पेशी. किती दिसतात?"

"अगदी थोड्या."

"आणि भोवती हे सगळं?"

"गर्दी."

"ही गर्दी कुणाची माहीत आहे? पहाऱ्याचीच. चांगल्या, धडधाकट पांढऱ्या पेशी. ज्यांनी तिला मारायचं, त्यांनाच तिनं जवळ बोलावून, भुलवून, गप्प बसवलंय. गाठ एवढी मोठी दिसते ती या बसलेल्यांमुळं."

चेलना पडद्याकडे बघत राहिली. मधे एक बटबटीत डोळ्यांची, आणि भोवती रांगारांगांनी बसलेले पहारेकरी.

"मॅडम," ती म्हणाली, "हे मी बघितलंय. सावद्याला, दर गुरुवारी."

उपचार लांबले. औषधांनी संयमचे केस गेले, तोंड आलं, दोनदा ताप चढून धावपळ झाली. मम्मी दवाखान्यात, पप्पा दुकान आणि दवाखाना, आणि चेलना घरी पोळ्या लाटत. ती जळली का? हो, जळली. त्याला दवाखान्यात रोज कार्टून बघायला मिळायचं. पण औषधांनी गाठ लिंबाची सुपारी झाली, सुपारीची वाटाणा झाली, आणि मग हाताला लागेनाशी झाली. डॉक्टर म्हणाल्या, अजून बरीच वर्षं तपासायला यायचं आहे. संयमनं तो मोठा पेन मात्र आधीच वसूल केला होता.

पुढच्या वर्षी पप्पा तिला धुळ्याला घेऊन गेले. नवा कुर्ता शिवायला ते तयार होते, पण चेलनानं तोच डागाचा घातला. व्यासपीठावर उभी राहून तिनं घेराचं टोक धरलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"हा डाग जहर आहे असं मला सांगितलं गेलं," तिनं सुरुवात केली. "माझ्या मनातलं जहर. मी ते मानलंही असतं. माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी ते हात मोकळे ठेवा. त्या वस्तूला हात लावून बघा. तीच गोष्ट माठावर करून बघा. आणि कुणाच्या घरात आजारी मूल असेल, तर गुन्हेगार शोधू नका. डॉक्टर शोधा."

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. आणि तेवढ्यात कुणीतरी परीक्षकांच्या कानात सांगितलं, की तो मुलगा इथंच आहे. सगळं सभागृह मागं वळलं. शेवटच्या रांगेत खुर्चीवर उभा राहून, डोक्यावर नुकतेच उगवलेले पिल्लाच्या पिसांसारखे केस घेऊन, संयम सगळ्यांना हात हलवत होता. आता टाळ्या त्याच्यासाठी होत्या. पप्पासुद्धा त्याच्याकडेच बघत होते.

चेलना माइकसमोर उभी राहून अगदी मनसोक्त जळली.

कुणालाही काही झालं नाही.